मास्तर, रानपिंगळा आणि एक चुकीची टिक

एकशे तेरा वर्षं बेपत्ता असलेला पक्षी शोधायला दोन मित्र शेगावातून निघाले. हाताशी एक वीकएण्ड, एक बाइक आणि दोन दुर्बिणी. पक्षी दिसण्याआधी मात्र भलतंच काहीतरी दिसलं!

तुमच्या ऑफिसात एक तरी माणूस असा असतोच, जो सोमवारी डोळे सुजवून येतो आणि ‘काय रे, पार्टी जोरात झाली वाटतं’ असं विचारलं की कसंनुसं हसतो. आमच्या ऑफिसातला तो माणूस म्हणजे मी. पार्टीबिर्टी काही नसते. शनिवारी पहाटे साडेचारला उठून कुठल्या तरी तळ्याकाठी मी चिखलात उभा असतो. हातात दुर्बीण, खिशात डायरी. कुणी क्रिकेटचे स्कोअर पाठ करतं, कुणी शूज जमवतं, मी पक्ष्यांची नावं जमवतो. पाहिला, खात्री केली, डायरीत टिक केली. बस्स.

या डायरीत एक ओळ सात वर्षं रिकामी होती. रानपिंगळा.

त्याच्यासाठी मी काय नाही केलं! २०१४ मध्ये मुंबईपासून फार लांब नसलेल्या तानसा अभयारण्यात तो सापडल्याची बातमी आली होती. पक्षी बघायचा नाद लागल्यावर ती माझ्या वाचनात आली आणि मी तानसाला दोनदा जाऊन आलो. एकदा थेट नंदुरबारपर्यंत धडक मारली. रानपिंगळा काही दिसला नाही. बॉसला पाठवलेली तापाची खोटी मेल तेवढी वाया गेली.

आणि मग एका बुधवारी मास्तरचा फोन आला.

‘‘काय बे, जिवंत हायेस का? शनिवारी ये शेगावले. सुट्टी गिट्टी मागू नको, दोन दिवसांत होते. तुझा तो पक्षी पाहू.’’

मास्तर म्हणजे अमरावतीला इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाचा माझा रूम पार्टनर. त्यानं वर्षभरात इंजिनीअरिंगला रामराम ठोकला आणि डी.एड. केलं. आता तो शेगावजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. पक्ष्यांचा नाद त्यानंच मला लावला. फरक इतकाच, की माझ्याकडे चांगला कॅमेरा आहे आणि त्याच्याकडे चांगले डोळे.

आधी गावचा, मग रानाचा

मुंबईहून शुक्रवारी रात्री अमरावती एक्सप्रेसला बसलं, की पहाटे अंधारातच शेगाव येतं. गाडीतले निम्मे लोक इथंच उतरतात. टोप्या, पिशव्या, झोपाळलेली पोरं, ‘जय गजानन’चा गजर. या सगळ्या गर्दीत दुर्बीण गळ्यात अडकवलेला मी एकटाच. मास्तर स्टेशनबाहेर मफलर गुंडाळून उभा होता. डिसेंबरची थंडी अशी, की बोलताना तोंडातून वाफ निघत होती.

‘‘आधी कचोरी,’’ तो म्हणाला. शेगावात वाद घालायच्या काही गोष्टी नसतात, त्यातली ही एक. हातातल्या कागदावर गरमागरम कचोरी, सोबत तळलेली हिरवी मिरची, वर चहा. तोवर फटफटलं. मला वाटलं, आता बाइकला किक मारायची आणि सुटायचं सातपुड्याकडे. पण मास्तरनं गाडी वळवली ती त्याच्या शाळेकडे.

शाळेच्या मागे एक जुना कडुनिंब आहे. त्याच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी राहते. पिंगळा म्हणजे आपला साधा, गावाशेजारी राहणारा, मुठीएवढा घुबडाचा भाऊ. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांतही असतो. संध्याकाळी विजेच्या तारेवर बसून भांडखोर शेजारणीसारखा कलकलाट करतो. मी आजवर शेकड्यांनी पाहिलेत.

‘‘याला बघायला मी रात्रभर प्रवास केला?’’

‘‘पाय तर खरं. पंधरा मिनिटं पाय. बोलू नको.’’

पंधरा मिनिटं म्हणजे किती वेळ असतो, हे साध्या पिंगळ्याकडे बघत बसल्याशिवाय कळत नाही. पहिल्या दोन मिनिटांत वाटतं, झालं बघून. पाचव्या मिनिटाला लक्षात येतं, की याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी आहे. कुणीतरी टाल्कम पावडर शिंपडावी तशी. दहाव्या मिनिटाला दिसतं, की पाठही ठिपक्यांची आहे आणि पोटावर तपकिरी फराटे थेट खालपर्यंत उतरलेत. तो आपल्याला पाहून मान वरखाली करतो, नमस्कार घातल्यासारखी.

‘‘आता ऐक,’’ मास्तर शिकवायच्या आवाजात म्हणाला. ‘‘रानपिंगळ्याचं डोकं कोरं. ठिपके जवळपास नाहीतच. छाती गच्च तपकिरी, पोटाचा मधला भाग पांढरा सफेद. शेपटीवर आणि पंखांवर रुंद पट्टे. डोकं मोठं, चोच मोठी, पंजे तर केवढाले! आणि उन्हात बसते, दिवसा शिकार करते. गावचा पिंगळा पाठ झाल्याशिवाय रानचा ओळखू येत नाही. लोकं इथंच चुकतात.’’

मी मान डोलावली. मनात म्हटलं, मास्तर, मी काय तुझा चौथीतला विद्यार्थी आहे का? संध्याकाळपर्यंत कळायचं होतं, की होतो.

चोरलेला पक्षी

शेगाव सोडून उत्तरेला निघालं, की रस्ता पूर्णा नदीच्या खोऱ्यात उतरतो. हा खारपाणपट्टा. जमिनीखालचं पाणी खारट, पण वर काळीभोर माती. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, तूर, हरभरा. तारांवर नीलपंख, कोतवाल, वेडे राघू. आणि समोर, क्षितिजावर निळसर रेघ, ती सातपुड्याची. त्या रेघेच्या पलीकडे मेळघाट. १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यातला एक.

मध्ये एका टपरीवर चहाला थांबलो तेव्हा मास्तरनं मला रानपिंगळ्याची अख्खी केस सांगितली. मला तुकड्यातुकड्यांत माहीत होती. पण सलग ऐकली तेव्हा एखाद्या क्राइम सिरियलसारखी वाटली.

गोष्ट सुरू होते १८७२ मध्ये. ब्लेविट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला आजच्या छत्तीसगडच्या भागात एक वेगळंच छोटं घुबड मिळालं. १८७३ मध्ये ॲलन ह्यूमनं त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं आणि ब्लेविटचंच नाव त्याला दिलं. हा ह्यूम म्हणजे तोच, ज्यानं पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला. नंतर खानदेशात कलेक्टर असलेल्या जेम्स डेव्हिडसननं शहाद्याच्या बाजूला आणखी काही पक्षी मिळवले. शेवटचा १८८४ मध्ये. त्यानंतर सगळं शांत. जगभरातल्या संग्रहालयांत मिळून पेंढा भरलेले सात नमुने, आणि जिवंत पक्षी एकही नाही.

‘‘आपल्या भाषेत सांगू का?’’ मास्तर म्हणाला. ‘‘गजानन महाराज शेगावात प्रकट झाले १८७८ मध्ये. तेव्हा हा पक्षी कागदावर येऊन पाच वर्षं झालती. महाराजांनी समाधी घेतली १९१० मध्ये. तोवर याचा पत्ता लागून सव्वीस वर्षं उलटलती. आणि हे सगळं आपल्या या डोंगरांच्या रांगेतच चालू होतं.’’

मग १९१४ ची एक नोंद येते. रिचर्ड माइनर्ट्झहागन हा ब्रिटिश लष्करातला बडा अधिकारी. पक्षिशास्त्रातही मोठं नाव. त्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता आणि चिठ्ठीवर लिहिलं होतं, गुजरातेत मांडवी इथं, ऑक्टोबर १९१४ मध्ये मिळवला. एवढ्या मोठ्या माणसाच्या शब्दावर कोण शंका घेणार? पुढची कित्येक दशकं ती नोंद पुस्तकांतून फिरत राहिली. सालिम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या दिग्गजांनी शोध घेतला, त्यांनाही पक्षी मिळाला नाही. बऱ्याच जणांनी तो नामशेष झाला असं धरून टाकलं.

नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन नावाची अमेरिकन संशोधक दक्षिण आशियाच्या पक्ष्यांवरच्या ग्रंथासाठी संग्रहालयांतले नमुने तपासत होती. माइनर्ट्झहागनच्या नमुन्यांत तिला काहीतरी खटकलं. तिनं आणि नायजेल कॉलरनं त्या रानपिंगळ्याचा कसून तपास केला. अगदी एक्स-रे काढून. निघालं काय, तर तो पक्षी डेव्हिडसननं एकोणिसाव्या शतकात मिळवलेला! ब्रिटिश म्युझियममधून चोरलेला, पुन्हा नव्यानं भरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला. १९१४ ला मांडवीत काहीच मिळालं नव्हतं. हा सगळा तपास १९९९ मध्ये छापून आला.

पण त्याआधीच, मांडवीची नोंद बाजूला ठेवून, ती खऱ्या जुन्या जागा शोधत निघाली. १९९७ च्या नोव्हेंबरात बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या दोघांसोबत आधी पूर्वेकडची ठिकाणं पालथी घातली. तिथं काही नाही. मग खानदेशात आले. आणि २५ नोव्हेंबर १९९७ ला शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका झाडावर तो बसलेला होता. डोकं कोरं, पोट पांढरं, पंजे मोठाले. एकशे तेरा वर्षांनी!

‘‘म्हणजे बघ,’’ मी म्हटलं, ‘‘पक्षी हरवलाच नव्हता. आपल्या डोंगरात आरामात बसला होता.’’

‘‘पक्षी नाही हरवला बे. एकानं खोटं लिहिलं, त्याच्यात नोंद हरवली,’’ मास्तर म्हणाला आणि चहाचे पैसे द्यायला उठला.

‘दिसला!!!’

दुपारी आम्ही मेळघाटच्या कुशीतल्या एका गावात पोचलो. गावाचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण पुढे कळेलच. परवानगी, नोंद वगैरे सोपस्कार झाले. सोबतीला एक कोरकू दादा होते. वय पन्नाशीचं, बोलणं कमी, चालणं जास्त. मास्तर त्यांना ‘काका’ म्हणायचा आणि ते त्याला ‘गुरुजी’.

डिसेंबरातलं सागाचं जंगल म्हणजे पायाखाली पापडाचं पोतं. प्रत्येक पावलाला करकर. उघडंबोडकं झालेलं सालई, मधूनच पळस, मोह. कोरड्या नाल्याच्या काठानं चालत होतो. सुतार, तांबट, टकाचोर, धनेशाची जोडी… एरवी मी प्रत्येकासाठी थांबलो असतो. आज मला त्यातलं कुणीच नको होतं. आपल्याला एकच गोष्ट हवी असली, की बाकी सगळं फुकट गेल्यासारखं वाटतं. वाईट सवय आहे, पण आहे.

साडेपाच वाजले. सूर्य झाडांमागे गेला. काका ‘चला’ म्हणाले. आणि गावाच्या कडेला, शेताच्या बांधावरच्या वाळक्या झाडावर मला एक गोळा दिसला. छोटं घुबड! उजेड त्याच्या पाठीमागून येत होता. मी दुर्बीण लावली. डोकं? गडद. ठिपके? दिसत नव्हते. डोकं मोठं वाटत होतं, बसणं वेगळं वाटत होतं. छातीत धडधड सुरू झाली. कॅमेरा उचलला, चार फोटो काढले, आणि तो उडून गेला.

‘‘दिसला! मास्तर, दिसला! कोरं डोकं!’’

मास्तरनं दुर्बीण खाली घेतली. ‘‘खात्री हाये?’’

‘‘शंभर टक्के!’’

तो काही बोलला नाही. त्या ‘काही न बोलण्या’कडे मी लक्ष द्यायला हवं होतं. पण माझा हात आधीच मोबाइलवर होता. त्या गावात एका विहिरीच्या कठड्यावर उभं राहिलं तर रेंजची एक कांडी मिळते. मी कठड्यावर चढलो, कॅमेऱ्याच्या स्क्रीनचाच मोबाइलनं फोटो काढला आणि आमच्या पक्षीवाल्या ग्रुपवर टाकला. दीडशे मेंबर. ‘रानपिंगळा! दिसला!!!’ खाली गावाचं नाव, तारीख, वेळ. मिनिटभरात अंगठे, टाळ्या, ‘भावा जिंकलास’, ‘पुढच्या शनिवारी आम्ही पण’, ‘लोकेशनचा पिन टाक’. सात वर्षांचं चीज झालं, यार!

रात्री एका घराच्या ओसरीवर पिठलं-भाकरी आणि ठेचा खाल्ला. मास्तरनं हात धुतले आणि म्हणाला, ‘‘कॅमेरा दे.’’

त्यानं फोटो मोठा केला. काळा गोळा. मग माझ्याच कॅमेऱ्यातलं, मी कधी न वापरलेलं एक सेटिंग शोधून उजेड वाढवत नेला. गोळ्याचा पक्षी झाला. आणि त्याच्या डोक्यावर, एक एक करत, पांढरे ठिपके उगवायला लागले. टाल्कम पावडर. रांगोळी. सकाळी शाळेमागे मी पंधरा मिनिटं पाहिली होती तीच.

साधा पिंगळा.

काय वाटलं सांगू? आधी राग आला. मास्तरवर, कॅमेऱ्यावर, त्या पिंगळ्यावर. मग डोकं वकिलासारखं चालायला लागलं. अंधारच होता ना? फोटोतले ठिपके म्हणजे नॉइजही असू शकतो ना? तसाही हा भाग रानपिंगळ्याचाच आहे. आज नाही तर उद्या कुणाला तरी दिसणारच. दीडशे लोकांपैकी कोण फोटोचा उजेड वाढवून बघणार आहे?

‘‘तुला तेव्हाच कळलं होतं?’’

‘‘शंका होती.’’

‘‘मग बोलला का नाहीस?’’

‘‘तू शंभर टक्के म्हणाला. शंभर टक्केवाल्याले कोण काय सांगणार?’’

मी म्हटलं, ‘‘ठीक आहे, मेसेज डिलीट करतो.’’

‘‘डिलीट नको करू,’’ मास्तर म्हणाला. आवाज चढवला नाही, पण हॉस्टेलमध्ये सिनिअरशी भिडताना व्हायचा तसा घट्ट झाला. ‘‘डिलीट केलं तर ज्यानं वाचलं त्याच्या डोक्यात ते राहीन. कुणी फॉरवर्ड केलं असंन, कुणी नोंदवलं असंन. उद्या दहा गाड्या या गावात येतीन, नाही दिसला तर पोट्टे रेकॉर्डेड आवाज वाजवतीन, झाडं हलवतीन. लिही, की मी चुकलो. फोटोसकट लिही. त्या साहेबानं एक चिठ्ठी खोटी लावली, अन् किती वर्षं लोकं चुकीचा कागद वाचत राह्यले! तुझी चिठ्ठी लहान हाये, पण हाये चिठ्ठीच.’’

मला हे फार वाटलं. मी चोर थोडाच होतो? माझी साधी चूक होती. पण ओसरीवर पडल्या पडल्या जाणवलं, की चूक संध्याकाळी साडेपाचपर्यंतच होती. ठिपके दिसल्यानंतर गप्प बसलो, तर तिला दुसरं नाव द्यावं लागेल.

रात्री साडेदहाला, टॉर्च घेऊन, थंडीत कुडकुडत मी पुन्हा त्या विहिरीच्या कठड्यावर चढलो. ‘मित्रांनो, मघाची नोंद चुकीची. उजेड वाढवलेला फोटो सोबत. हा साधा पिंगळा आहे, डोक्यावरचे ठिपके बघा. घाई केली. सॉरी. कृपया कुठेही नोंदवू नका.’ सेंड. एकानं हसण्याची इमोजी टाकली. एकानं लिहिलं, ‘सात वर्षांत हेच शिकलास?’ मग रेंज गेली. बरंच झालं.

डोकं कोरं

रविवारी सकाळी कुणालाच घाई नव्हती. मला तर अजिबात नाही. जे जायचं होतं ते गेलं होतं! सात वाजता निघालो. नाल्याच्या वरच्या अंगाला, सागाची पानं अर्धीअधिक गळलेली, ऊन थेट फांद्यांवर येत होतं. मी पहिल्यांदाच नीट बघत चाललो. धनेशासाठी थांबलो. सुतारासाठी थांबलो.

साडेआठच्या सुमारास काकांनी हात आडवा धरला. बोट नाही दाखवलं, नुसती हनुवटी वर केली.

वाळक्या फांदीच्या टोकावर, भर उन्हात, तो बसला होता. पाठ आमच्याकडे.

मी ‘दिसला’ म्हटलं नाही. दुर्बीण लावली आणि मनातल्या मनात शाळेतल्यासारखी हजेरी घ्यायला सुरुवात केली. डोकं. करडं-तपकिरी, सपाट. ठिपके शोधले. थांबलो. पुन्हा शोधले. नव्हते. शेपटी. रुंद, ठळक पट्टे, आणि ती तो झटके देत डावी-उजवीकडे हलवत होता. मग तो वळला. छाती गच्च तपकिरी. खाली, मधोमध, पांढरं. पाय पांढऱ्या पिसांचे, आणि पंजे? एवढ्याशा पक्ष्याला कुणी थोरल्या भावाचे बूट घालावेत तसे.

‘‘मास्तर,’’ मी कुजबुजलो, ‘‘तू सांग.’’

‘‘तूच सांग.’’

‘‘नव्वद टक्के.’’

तो हसला. ‘‘आता बरोबर बोलला.’’

नऊ मिनिटं. मी घड्याळ पाहिलं म्हणून सांगतो. सातव्या मिनिटाला तो दगड सुटावा तसा खाली पडला, वाळक्या पानांत धडपडला आणि वर आला तेव्हा त्याच्या पंजात सरडा होता. दिवसाढवळ्या, साडेआठच्या उन्हात शिकार. उरलेले दहा टक्के तिथं मिळाले. मग पलीकडच्या सागांमध्ये तो गेला, आणि काका लगेच मागे फिरले. ‘‘बस झालं. त्याला जेवू द्या,’’ एवढंच म्हणाले. दोन दिवसांतलं ते त्यांचं सगळ्यात लांबलचक वाक्य.

परतीच्या वाटेवर मास्तर सांगत होता. एकेकाळी सात नमुन्यांपुरता उरलेला हा पक्षी पुढच्या शोधात मेळघाटात मिळाला, यावलला मिळाला, मध्य प्रदेशात मिळाला. बीएनएचएसच्या आणि इतर संशोधकांनी त्याच्यामागे वर्षं घातली. म्हणूनच २०१८ मध्ये जागतिक लाल यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’वरून एक पायरी उतरून ‘संकटग्रस्त’मध्ये आला. पण म्हणून हुरळून जायचं नाही. प्रौढ पक्ष्यांचा अंदाज अजूनही २५० ते ९९९ च्या घरातला, म्हणजे हजाराच्या आतच. त्याला घरटं करायला जुन्या झाडाची ढोली लागते, शिकारीला विरळ, उजेडाचं जंगल लागतं. जुनं झाड पडलं, वणवा लागला, जंगल तोडून शेत झालं, की त्याचं घर गेलं. घुबड म्हटल्यावर दगड उचलणारेही आहेतच.

आणि नवी भानगड म्हणजे आपण! कॅमेरेवाले. ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत त्याची वीण चालते. नेमका तोच आपला फिरायचा सीझन. एका ढोलीसमोर रोज वीस जण उभे राहिले, तर आत पिलांना भरवायला कोण जाणार?

साठ टक्के

संध्याकाळी शेगावात परत आलो. मास्तरच्या आईनं म्हणजे काकूंनी विचारलं, ‘‘दिसला का रे बाबा तुझा पक्षी?’’ म्हटलं, ‘‘दिसला काकू.’’ ‘‘मग दर्शन घेऊन ये, अन् मग जेवाले बस.’’ मंदिराच्या रांगेत दोन तास गेले. त्या रांगेत एक गोष्ट चांगली असते. कुणी कितीही मोठा असो, पुढच्याच्या मागे उभं राहायचं. सात वर्षं काय आणि दोन तास काय!

गाडीत बसल्यावर ग्रुपवर लिहिलं, ‘आज सकाळी रानपिंगळा. खात्रीनं. मेळघाट. एवढंच.’ सोबत एक बरा फोटो.

पहिलं उत्तर आलं, ‘काल पण खात्री होती ना? ;-)’ दुसरं, ‘लोकेशन?’ तिसरं, ‘लोकेशन न देता टिक मान्य नाही बॉस!’ काल चुकीच्या पक्ष्याला शंभर अंगठे आले होते. आज खऱ्याला सहा. मी फोन खिशात ठेवला. डायरी काढली. सात वर्षांच्या रिकाम्या ओळीपुढे टिक केली, आणि त्याच्या वरच्या ओळीत शनिवारची नोंदही लिहिली : ‘पिंगळा, १. आधी चुकीचा ओळखला.’

सोमवारी सकाळी स्टेशनवरून थेट ऑफिस. डोळे सुजलेले. ‘काय रे, पार्टी?’ झालं. साडेदहाला प्रोजेक्टचा रिव्ह्यू. तुम्हालाही माहीत आहे, रिव्ह्यूमध्ये प्रत्येकाचं काम कायम ‘नव्वद टक्के’ झालेलं असतं. टेबलाभोवती एकेक जण सांगत आला. नव्वद, नव्वद, पंच्याण्णव. माझी पाळी आली.

‘‘साठ टक्के,’’ मी म्हटलं. ‘‘आणि मागच्या आठवड्यात मी ऐंशी सांगितलं होतं, ते चुकीचं होतं.’’

बॉसनं चष्मा वर केला. पुढे काय झालं ते सोडा. ते ऐकून माझ्या शेजारचा हळूच म्हणाला, ‘‘तसं बघितलं तर माझंही सत्तरच आहे.’’

चौकट : तुम्हालाही जायचंय?

कसं जाल? मुंबई-नागपूर मार्गावर शेगाव स्टेशन आहे. तिथून तेल्हारा, अकोटच्या बाजूनं सातपुड्याचा पायथा गाठता येतो. वेळ नसेल, तर शेगाव-खामगावच्या आसपासची शेतं आणि तळीही हिवाळ्यात पक्ष्यांनी भरलेली असतात.

केव्हा जाल? डिसेंबर ते मार्च. सागाची पानं गळाली की बघणं सोपं. सकाळी सात ते दहा ही रानपिंगळ्याची ऊन खायची वेळ.

काय न्याल? दुर्बीण, मफलर, मातकट रंगाचे कपडे, पाणी. आणि एक वही. मोबाइलवरची नोंद पटकन पुसता येते, वहीतली खोडली तरी दिसते!

काय करू नका? परवानगीशिवाय जंगलात शिरू नका, स्थानिक गाइडला सोबत घ्या. पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवू नका. ढोलीसमोर ठाण मांडू नका. घरट्याची जागा कुणालाही, अगदी जिगरी दोस्तालाही, मेसेजवर पाठवू नका.

आणि हो, निघण्याआधी तुमच्या सोसायटीतल्या साध्या पिंगळ्याकडे पंधरा मिनिटं बघा. न बोलता.